आईला खुर्ची का नाही?

दर जूनला इंग्रजीचं नवं वर्कबुक घरात येतं आणि त्यात ते चित्र असतंच. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचतायत. आई ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटतेय. राजू अंगणात क्रिकेट खेळतोय, मीना आईच्या हाताखाली भांडी पुसतेय. खाली चार प्रश्न: बाबा काय करतायत, आई काय करतेय, राजू काय करतोय, मीना काय करतेय. धडा चालू वर्तमानकाळाचा. पोरं चार ओळी लिहितात, बाई लाल पेनानं बरोबरची खूण करतात, पान उलटतं.

आज त्या पानावरच थांबू या. बाबांचा चष्मा, पेपराची घडी, शेजारच्या टेबलावरची कपबशी, सगळं चित्रकारानं मन लावून काढलंय. आई बहुधा पाठमोरी. खालच्या उताऱ्यात बाबांना नाव आहे, आडनाव आहे, ऑफिस आहे. आई नुसतीच ‘मदर’. फार तर मिसेस अमुक, म्हणजे परत बाबांचंच आडनाव. पुस्तक पुढे चाळत जा. आई वाढताना दिसेल, धुताना दिसेल, दारात वाट पाहताना दिसेल. खुर्चीत टेकून काही वाचताना ती सहसा सापडत नाही. आजारी मुलाच्या उशाशी तेवढी बसते.

‘अहो, ते व्याकरणासाठी आहे, एवढं काय मनावर घेता?’ हे उत्तर ठरलेलं आहे. शिक्षक देतात, प्रकाशक देतात, पालकही देतात. माझं भांडण नेमकं याच उत्तराशी आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात कुणी लिहिलं की स्वयंपाक हे बाईचंच काम, तर निदान कुणीतरी हात वर करून विचारेल, असं का? कारण तिथे ते विधान असतं. इंग्रजीच्या तासाला तेच वाक्य उदाहरण म्हणून येतं आणि उदाहरणाशी कुणी वाद घालत नाही. मुलाचं सगळं लक्ष ‘इज’ लावायचं की ‘आर’ याच्याकडे. अर्थ तपासायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, तो तसाच आत उतरतो. आणि एकदा नाही. वाक्य आधी मोठ्यानं वाचायचं, मग फळ्यावरून उतरवायचं, मग त्याचा प्रश्न करायचा, नकारार्थी करायचं, शेवटी पॅसिव्हमध्ये फिरवायचं. एकच आई एकाच ओट्यापाशी पाच तऱ्हांनी उभी केली जाते.

व्याकरणाला हे हवं असतं का? मुळीच नाही. इंग्रजी शिकवण्याचं एक जुनं साधन आहे, सब्स्टिट्यूशन टेबल. हॅरल्ड पामर यांनी १९१६ साली अशा शंभर तक्त्यांचं पुस्तकच काढलं होतं, आणि पुढे आपल्याकडच्या शाळांतही ही रीत रुजली. फळ्यावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात फादर, मदर, राजू, मीना. मधल्यात ‘इज’. तिसऱ्यात कुकिंग, रीडिंग, प्लेइंग, वॉशिंग क्लोद्स. पहिल्या रकान्यातला कोणताही शब्द घ्या, तिसऱ्यातल्या कोणत्याही शब्दाला जोडा, वाक्य बरोबरच येतं. चार चोक सोळा वाक्यं. फादर इज कुकिंग. मदर इज रीडिंग. राजू इज वॉशिंग क्लोद्स. मीना इज प्लेइंग. या सोळांपैकी एकाही वाक्याला इंग्रजी व्याकरणाची हरकत नाही. मराठीत क्रियापद बाईपुरुषागणिक बदलावं लागतं, इंग्रजीत तेवढंही करावं लागत नाही.

सोळातली बारा वाक्यं वर्कबुकवाल्यानं गाळली आणि चार ठेवली. ती चार कोणती हे व्याकरणानं ठरवलेलं नाही. टेबलाशी बसलेल्या कुणा माणसानं ठरवलंय, आणि बहुतेक वेळा विचार न करता ठरवलंय. माझा राग त्या न केलेल्या विचारावर आहे.

पुढचा धडा घ्या, विशेषणांच्या तुलनेचा. साचा पाठ आहे सगळ्यांना. रमेश सुरेशपेक्षा उंच, महेश त्या दोघांहून बलवान, गणेश वर्गात सगळ्यात हुशार. मुलींची पाळी आली की रीटा सीतापेक्षा गोरी आणि मीना सगळ्यात देखणी. मुलांची तुलना ते काय करू शकतात यावरून, मुलींची त्या कशा दिसतात यावरून. चाळीस पोरांच्या वर्गात सावळ्या रंगाची एक मुलगी उभी राहून ‘फेअर, फेअरर, फेअरेस्ट’ मोठ्यानं म्हणते, आणि सगळा वर्ग तिच्या मागून म्हणतो. तिला त्या क्षणी काय वाटतं, याचा विचार त्या धड्यात कुठेही नाही. ‘हेवी, हेविअर, हेविएस्ट’ म्हणूनही तोच नियम तितकाच पक्का होतो. दगडाची तुलना करा, डोंगराची करा, नद्यांची करा.

इनडायरेक्ट स्पीचमध्ये वडील हुकूम देतात, आई विनंती करते, मुलगी आनंदानं उद्गारते. पत्रलेखनात मुख्याध्यापकांना, वॉर्ड ऑफिसरला, सरपंचांना लिहायचं पत्र डोळे मिटून ‘रिस्पेक्टेड सर’नं सुरू होतं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. गावात सरपंचबाई बसलेल्या आहेत, शाळेत मुख्याध्यापिका बसलेल्या आहेत, आणि पोरगी त्यांनाच ‘सर’ म्हणून अर्ज लिहिते, कारण मार्क तसे लिहिल्यावर मिळतात.

हे दुखणं नवं नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. अमेरिकेत हार्टमन आणि जड या दोघांनी १९७८ मध्ये इंग्रजी शिकवण्याच्या पुस्तकांतला हा पक्षपात दाखवला. १९८४ मध्ये कॅरन पोरेका यांनी पंधरा पुस्तकं घेऊन अक्षरशः मोजणी केली. चित्रांत एका बाईमागे जवळपास दोन पुरुष निघाले. बाई आणि पुरुष यांचा जोडीनं उल्लेख येतो तिथे पुरुषाचं नाव पहिलं येण्याचं प्रमाण तर त्याहून मोठं. आपल्या देशात नरेंद्रनाथ कालिया यांनी १९७९ मध्ये उत्तर भारतातल्या शाळांची हिंदी आणि इंग्रजी भाषेची पुस्तकं तपासली. नायक बहुतांशी पुरुष, आणि पुस्तकांत जे जे व्यवसाय आले त्यातल्या बहुतेकांत बाई नाहीच. या अभ्यासाच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी म्हटलंय की आपण आपल्या मुलांना खोटं सांगतो. त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. कालियांनी तपासलेली पुस्तकं शिकलेल्यांची नातवंडं आता शाळेत जातात.

‘चेंज द जेंडर’ हा आणखी एक प्रकार. परीक्षेत हमखास येणारा. पोएटचं पोएटेस, ऑथरचं ऑथरेस, बॅचलरचं स्पिन्स्टर, विझर्डचं विच, मास्टरचं मिस्ट्रेस. यातले पहिले दोन स्त्रीलिंगी शब्द आज इंग्रजीत लिहिणारी कवयित्री किंवा लेखिका स्वतःसाठी सहसा वापरत नाही. इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीतून ‘स्पिन्स्टर’ २००५ च्या डिसेंबरात काढून टाकला, आता बाई असो की पुरुष, दोघांनाही ‘सिंगल’ लिहितात. ज्यांची भाषा, त्यांनी तो शब्द सरकारी कागदावरून पुसला. इथे मात्र आठ-नऊ वर्षांची पोरं तो स्पेलिंगसकट पाठ करतायत. शिवाय जोड्या जुळवा असं नुसतं म्हणून त्यांतलं अंतर लपतं. विझर्डला जगात मान आहे, विच म्हणून बायकांना मारलेलं आहे. मास्टर म्हणजे धनी. मिस्ट्रेसचा आज रूढ झालेला अर्थ कोणत्या शिक्षकाला वर्गात सांगता येईल?

रेन अँड मार्टिनचं व्याकरण महाराष्ट्रातल्या निदान तीन पिढ्यांच्या कपाटात आहे. १९३०च्या दशकातलं पुस्तक. त्यातले पी. सी. रेन हे ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिणारे गृहस्थ, हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरीला होते. या पुस्तकात लिंगविचाराच्या प्रकरणात एक नियम दिलाय: निर्जीव गोष्टींना माणूस मानून बोलायचं तर ज्यांत ताकद आणि उग्रपणा आहे त्या पुल्लिंगी, ज्यांत सौंदर्य, कोमलता आणि डौल आहे त्या स्त्रीलिंगी. म्हणून सूर्य, काळ, मृत्यू हे ‘ही’. चंद्र, वसंत, दया, शांती या ‘शी’. जुन्या इंग्रजी कवितेचा हा संकेत आहे, एवढं सांगितलं असतं तर माझी तक्रार नव्हती, कविता समजायला ते लागतं. पण आपल्याकडे तो नियम म्हणून शिकवला गेला, गाळलेल्या जागा भरा म्हणून विचारला गेला. ताकद म्हणजे पुरुष आणि कोमलता म्हणजे बाई हे एखाद्या कीर्तनात ऐकलं तर आपण दुर्लक्ष करू. व्याकरणाच्या पुस्तकात ते ‘रूल’ म्हणून छापलेलं असतं आणि चुकलं तर अर्धा मार्क जातो.

आता ‘ही’ या सर्वनामाकडे येतो, कारण तिथे नुकसान खरोखरीचं झालेलं आहे. ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज बुक.’ विद्यार्थी कोण हे माहीत नसेल तर ‘हिज’ लिहा, त्यात मुली आल्याच, असं शिकवतात. या ‘आल्याच’ला कायद्याचाही आधार आहे. ब्रिटिश पार्लमेंटनं १८५० मध्ये कायद्याच्या भाषेसाठी हे ठरवलं आणि आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमात ते आलं: पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धराव्यात, संदर्भाला बाधा येत नसेल तर. आता १९१६ साल घ्या. कलकत्त्यात रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीची सनद मागितली. वकिलांबद्दलच्या कायद्यात ‘ही’ लिहिलंय, आणि ‘ही’मध्ये स्त्रिया येतात असं दुसरा कायदा सांगतो, मग अडचण काय? हायकोर्टानं अर्ज फेटाळला. इथल्या ‘ही’मध्ये बाई येत नाही असा निवाडा झाला. बायकांना वकिली करता यावी म्हणून १९२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

म्हणजे गैरसोयीचं नसेल तोवर बाई ‘ही’मध्ये असते. हक्क मागायला आली की बाहेर. हा इतिहास माहीत असलेल्या कुणीही आठवीच्या मुलीला ‘हिजमध्ये तूही आहेस गं’ असं निर्धास्तपणे सांगू नये.

पर्याय काही अवघड नाही. ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर बुक’ हे इंग्रजी चौदाव्या शतकापासून चालत आलेलं आहे, शेक्सपिअरनं आणि जेन ऑस्टिननं असा ‘दे’ वापरलाय, आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेनं २०१९ च्या आवृत्तीत त्याला रीतसर मान्यता दिली. जगभरचे संशोधक तीच पुस्तिका समोर ठेवून लिहितात. आपल्याकडे मात्र उत्तरपत्रिकेत ‘देअर’ लिहिणाऱ्या मुलीचा मार्क कापला जातो. अनेकवचन करून ‘ऑल स्टुडंट्स’ लिहिलं तरी प्रश्न सुटतो. तेवढंसुद्धा कुणी करत नाही.

‘पण घरात आईच स्वयंपाक करते ना? पुस्तकात वास्तव दाखवायचं नाही का?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार एका दिवसात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. आणि ते काम करणाऱ्यांपैकी बायका त्याला रोज सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. घरातलं वास्तव हे आहे, मान्य.

मग सगळं वास्तव दाखवा. यवतमाळच्या मुलीची आई सकाळी भाकरी थापून कापूस वेचायला जाते. कोकणातल्या मुलाची आई गुडघाभर चिखलात भात लावते. बीडची आई सहा महिने फडावर ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. पुण्यातली आई कंपनीच्या बसनं कारखान्यात जाते. कुणाची आई अंगणवाडीत आहे, कुणाची आशा सेविका म्हणून दारोदार फिरते, कुणाची एसटीत कंडक्टर आहे. इंग्रजीच्या पुस्तकातली आई यांतली कुणीही नाही. ती ऑफिसला जाणाऱ्या नवऱ्याच्या चौकोनी कुटुंबातली, एप्रन बांधलेली, दुपारी केक भाजणारी बाई आहे. ती आली इंग्लंडच्या साठ वर्षांपूर्वीच्या वाचनमालांतून. लेडीबर्डची पीटर आणि जेनची मालिका १९६४ ची. पीटर वडिलांबरोबर गाडीपाशी, जेन आईबरोबर घरात. लेडीबर्डनं स्वतः पुढच्या दशकात ती चित्रं बदलली, जेनला जीन्स घातली, बाहुली ठेवून तिच्या पायात स्केट्स दिले. आपल्या वर्कबुकांनी जुनी जेन धरून ठेवली, नुसतं नाव मीना केलं. हिला वास्तव म्हणायचं?

डॉक्टर म्हटलं की ‘ही’, हेही वास्तव म्हणून खपतं. आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियात १८८६ मध्ये एम. डी. घेतली. इंजिन ड्रायव्हर म्हटलं की ‘ही’. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १९८०च्या दशकात रेल्वेत नोकरी धरली, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या, आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवत नेली. ती गाडी ज्या स्टेशनांवरून गेली त्या गावांतल्या शाळांत त्या दिवशी ‘ॲन इंजिन ड्रायव्हर इज अ मॅन हू’ असं काही शिकवलं गेलं असेल तर ते सरळ सरळ चूक आहे, लिंगभाव वगैरे बाजूला ठेवला तरी.

मुलांचं काय होतं तेही बोललं पाहिजे. राजू कधीच रडत नाही, कधीच घाबरत नाही, कधी धाकट्या भावाला भरवत नाही. पुढे हाच राजू कॉलेजसाठी परगावी खोली घेऊन राहतो तेव्हा त्याला कुकरही लावता येत नाही. मुलाला घरकामातून वगळून आपण त्याच्यावर मेहरबानी करत नाही, त्याला अडाणी ठेवतो.

हे चित्रापुरतं राहत नाही याचा पुरावा सीबीएसईनंच दिला. ११ डिसेंबर २०२१ ला दहावीचा इंग्रजीचा पेपर होता. त्यातल्या आकलनाच्या पहिल्या उताऱ्याचा आशय असा: बायकांना स्वातंत्र्य मिळालं म्हणून आईबापांचा मुलांवरचा धाक गेला, पूर्वी बायको नवऱ्याचा शब्द मानायची, म्हणून पोरं आणि नोकर आपल्या पायरीनं वागायचे. हा उतारा देशभरच्या लाखो मुलामुलींनी घड्याळाकडे बघत वाचला, त्याच्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली. सोनिया गांधींनी १३ तारखेला लोकसभेत हा विषय काढला, आणि त्याच दिवशी मंडळानं उतारा रद्द करून सगळ्यांना त्याचे पूर्ण गुण दिले.

गुण दिले ते योग्यच झालं. पण त्या मुलीचा विचार करा, जिला तो उतारा वाचताना संताप आला असेल. आकलनाच्या प्रश्नात संतापाला जागा नसते. लेखक काय म्हणतो ते सांगा, तुम्हाला काय वाटतं ते कुणी विचारलेलं नाही. मार्क हवे असतील तर त्या लेखकाच्या डोक्यात शिरून त्याच्या बाजूनं योग्य पर्यायावर खूण करायची. भाषेच्या परीक्षेची ही ताकद आहे. ती मुलाच्या हातून न पटणारी वाक्यं लिहून घेऊ शकते. म्हणून उतारा निवडणाऱ्यावर गणिताचा पेपर काढणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदारी असते, आणि तो उतारा किती हातांखालून जाऊनही कुणाला खटकला नाही, ही मला त्या उताऱ्याइतकीच गंभीर गोष्ट वाटते.

बदलता येतं, हेही आपल्याच राज्यानं दाखवलंय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडताना दिसले, डॉक्टर बाई होती, वाहतूक पोलीस बाई होती. ते इंग्रजीचं नाही, मराठीचं पुस्तक. पण एका चित्रावर पेपरांतून केवढं बोललं गेलं! केरळनं २०२४ मध्ये तिसरीच्या पुस्तकात बापाला नारळ खवायला बसवलं, तिथेही तेच. एका चित्रानं लोकांचं लक्ष इतकं जातं, याचा अर्थ आधीची सगळी चित्रं लोकांच्या मनात किती घट्ट बसली होती बघा.

सरकारी पुस्तकावर निदान समिती असते, पुस्तक सगळ्यांच्या हातात जातं, पेपरात बातमी येते. खरा गोंधळ खासगी वर्कबुकांचा आणि गाईडांचा आहे. गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, प्रत्येक शाळेची पुस्तकं वेगळी, ती कुणी तपासली हे पालकाला कळायला मार्ग नाही. प्रकाशकांना चाळण लावता येत नाही असं कुणी म्हणू नये. जगभर इंग्रजीची पुस्तकं विकणारे मोठे प्रकाशक दारू, डुकराचं मांस, धर्म, राजकारण असे विषय बाजार जाईल म्हणून बारकाईनं वेचून काढतात, त्या यादीला त्यांच्यात ‘पारस्निप’ असं नावही आहे. पुस्तकातून वाइनचा ग्लास पुसता येतो, तर आईला खुर्चीही देता येईल. ब्रिटनमधल्या याच व्यवसायातल्या बायकांनी १९९१ मध्ये इंग्रजीच्या पुस्तकांत स्त्री-पुरुष कसे दाखवावेत याची मार्गदर्शक तत्त्वं लिहून दिली होती. ती आहेत, मिळतात, वापरा.

पुस्तक बदलेपर्यंत वर्गातल्या बाई आणि सर बरंच करू शकतात. लँकेस्टर विद्यापीठातल्या जेन संडरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकाऐवजी पुस्तकाभोवतीचं शिक्षकाचं बोलणं अभ्यासलं. जुनाट धडा चांगला शिक्षक वाचवू शकतो आणि चांगला धडा शिक्षकाच्या एका वाक्यानं मारला जाऊ शकतो, हे त्यातून दिसलं. बाबा भाजी निवडतायत असं चित्र आलं आणि सर म्हणाले, ‘आज आईला बरं नाही वाटतं,’ की ते पान संपलं. उलट फळ्यावर तो सोळा वाक्यांचा तक्ता आखला आणि पोरांना सांगितलं, सगळीच्या सगळी म्हणा, तर पोरं आधी हसतील, दुसऱ्या दिवशी कमी हसतील, आठवड्यानं हसणार नाहीत. पहिल्या दिवसाच्या त्या हसण्यावर मराठीतून दहा मिनिटं बोलावं. इंग्रजीच्या तासाला मराठीतून बोललं म्हणून काही बिघडत नाही.

मला हे सगळं जिव्हारी लागतं त्याचं कारण सांगतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये आपल्या लोकांना इंग्रजी शिकायला सांगितलं होतं. ही भाषा आली की जुनी जोखडं गळून पडतील या भरवशानं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हाही गरिबांच्या मुलांना तीच वाट मोकळी व्हावी हा हेतू होता. घरातली पहिलीच इंग्रजी वाचणारी मुलगी त्या भाषेकडे केवढ्या आशेनं बघते! तिच्या लेखी इंग्रजीत छापलेलं ते खरं, ते मोठ्या जगातलं. त्या मोठ्या जगाच्या पहिल्याच पानावर तिला तिच्याच घरातला ओटा दाखवायचा आणि ‘मीना इज हेल्पिंग हर मदर’ असं तिच्याकडून वदवून घ्यायचं, ही तिची फसवणूक आहे.

पालकांनी एक काम करावं. पुस्तकं घरी आली की कव्हरं घालताना तीन पानं उघडायची: चालू वर्तमानकाळ, विशेषणांची तुलना, आणि पत्रलेखन. बाकी पुस्तक कसं असेल ते या तीन पानांत कळतं. खटकलं तर शाळेला आणि प्रकाशकाला लेखी कळवायचं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चिडून काही होत नाही. प्रकाशकाचा पत्ता आतल्या पहिल्या पानावर असतो. मराठीत लिहिलं तरी चालेल. पान क्रमांक घाला, वाक्य जसंच्या तसं उतरवा, आणि त्याच्या जागी कोणतं वाक्य हवं तेही लिहून द्या.